आई सिरीयस

कडेगाव,
१२ डिसेंबर १९७७

चि. हंबीरराव यास विजयमालाचे अनेक आशीर्वाद.

अडीच वर्षांत तुला हे माझं दुसरं पत्र. पहिलं आईच्या छातीवर गळू झालं होतं तेव्हा लिहिलं. त्याला तुझं उत्तर आलं नाही आणि मीही मग लेखणी उचलली नाही. तू हट्टी, तर मी तुझीच थोरली बहीण.

हे पत्र आहे, तार नाही, हे आधी नीट बघून घे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि तुझं तोंड आम्हीच पोळवलं. पंचाहत्तरच्या मे महिन्यात तुला 'आई सिरीयस, ताबडतोब निघ' अशी तार गेली. बढतीचा कोर्स अर्धा टाकून, चार दिवस गाडीच्या दारात बसून तू आलास. बघतोस तर आई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसलेली आणि दारात मांडव. तुझ्यासाठी मसूरची मुलगी ठरवलेली, दुसऱ्या दिवशी हळद. पाण्याला शिवला नाहीस. उभ्या उभ्या म्हणालास, "पुन्हा तार आली तर फाडून टाकीन," आणि आल्या पावली परत गेलास. मागनं कळलं की पलटणीच्या कचेरीतही तू स्वतःच सांगून ठेवलंस, माझ्या घरच्या तारेवर मला रजा देऊ नका.

तुझं तरी काय चुकलं? आपल्याकडे पलटणीतला माणूस घरी आणायचा तर हीच रीत. ऊसतोड असो, वाटणी असो, बहिणीचं लग्न असो, तार एकच. केरबा पोस्टमन फॉर्म पुढं सरकवतानाच विचारायचा, "आज कुनाची आय?" (मसूरच्या मुलीचं म्हणशील तर तिला आता दोन मुलं आहेत. तिचं काही अडलं नाही.)

आता मुद्द्याचं. आई बरी नाही. मी तिला गावाहून माझ्याकडे कडेगावला आणलं आहे. महिनाभर डोकं दुखतंय, सकाळी उठताना जास्त. मळमळ नसताना एकदम उलटी होते. हनुवटी बधिर झाली आहे. परवा म्हणाली, "ही हनवटी माजी न्हवंच, कुनाची तरी आनून लावलीया." चार दिवसांपासून तिला एकाचे दोन दिसतात. मला म्हणते, "एक विजयमाला सोसंना, आता दोन दोन." आम्ही दोघी हसलो, पण त्यानंतर ती भिंत धरून चालली ते मी बघितलं आणि माझं हसू गेलं.

तुझे दाजी परवा गिरणी बंद ठेवून आम्हाला मिरजेला नेणार आहेत. तू रजेचा अर्ज लिहून ठेव. आत्ता एवढंच मागते.

तुझी आक्का


मिरज,
२६ डिसेंबर १९७७

हंबीर,

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. आधी एक कबुली देते, मग पुढचं.

आईच्या छातीवर झालं होतं ते गळू नव्हतं. कॅन्सर होता. शहात्तरच्या फेब्रुवारीत तिचा उजवा स्तन काढला. हा शब्द लिहिताना आत्ताही माझी लेखणी थांबली. भावाला असलं कुणी लिहीत नाही, म्हणून मी गळू लिहिलं. आईचाही तोच हुकूम होता, "पोराला ह्यातलं कायबी लिवायचं न्हाई." लाजेपायी तुझ्यापासून लपवलं. आता लाज धरायला सवड राहिलेली नाही.

डॉ. ऐनापुरे म्हणून इथं आहेत. त्यांनी आईच्या पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं आणि भिंगाखाली बघितलं. मी मास्तरीण आहे म्हटल्यावर मला शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. नारळाच्या खोबऱ्याला जशी पातळ तपकिरी साल असते, तसे मेंदूवर पडदे असतात, आणि त्या पडद्यांत पाणी खेळतं. तेच पाणी खाली पाठीच्या कण्यापर्यंत जातं. छातीतला कॅन्सर त्या पाण्यात उतरला आहे. म्हणून डोळे, हनुवटी, पाय, सगळीकडून एकदम त्रास सुरू झाला.

मी विचारलं, "बरं होतं का?"

"नाही," ते म्हणाले. गोल गोल बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते.

काहीच केलं नाही तर चार ते सहा आठवडे. मणक्यातून औषध घालत राहिलं तर काहींना तीन-चार महिने मिळतात, क्वचित एखाद्याला वर्ष. काहींना मात्र औषध लागूच पडत नाही, आणि कोण कुठल्या बाजूचं हे आधी सांगता येत नाही. शेवटी शुद्ध जाते. त्याच्या आधी माणसांची ओळख जाते.

म्हणजे तुला नुसतं आई जिवंत असेपर्यंत यायचं नाही. तिला तू ओळखू येतोस तोवर यायचं आहे.

आईला मी सांगितलं, डोक्यात पाणी बिघडलंय, सुईनं औषध देणार. सुई लय दुखते हे तिनं एकदा बघितलंच होतं. म्हणाली, "हंबीर येईस्तवर टोचा. त्यो आला की बास." पहिली सुई आज दिली. पाठीची कमान करून दोघींना तिला धरावं लागतं. एक नर्स आणि एक मी.

तिचा मानी स्वभाव अजून शाबूत आहे. एस.टी.तून उतरताना दाजींनी हात दिला तर घेतला नाही. चक्कर येत होती तरी पदर कपाळाच्या खाली ओढलेला. तुला माहीतच आहे, चौदा वर्षांत ती जावयाशी एक शब्द समोरासमोर बोललेली नाही. दाजी पुढ्यात बसलेले असताना मला सांगते, "जावयांस्नी म्हनावं, च्या घ्या."

ये, हंबीर.

तुझी आक्का


मिरज,
९ जानेवारी १९७८

हंबीरराव,

तुझं कार्ड मिळालं. माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर. पुरत्या चार ओळीही नाहीत. 'आईला जपा. इकडे बर्फ आहे. टपाल खेचरावरून येते. या खेपेला मुलगी कुठल्या गावची?'

शेवटची ओळ मी वऱ्हांड्यात उभी राहून वाचली आणि इतका राग आला की कार्डाचे तुकडे करणार होते. मग म्हटलं, पेरलं तसं उगवलं, रडतेस कशाला. माझं दुसरं पत्र तोवर तुला मिळालेलं नव्हतं हेही कळतं. तरी ती ओळ मी विसरणार नाही, आणि तूही विसरणार नाहीस.

तुझा राग माझ्यावर आहे, कारण तारेखाली नाव माझं. अडीच वर्षं तो मी अंगावर घेतला. आज सांगून टाकते. तार आईनं करायला लावली. मी तीनदा नको म्हटलं. ती हटून बसली, "लिव. आई सिरीयस. तुला काय करायचंय, मी सांगते म्हनून लिव." एवढी घाई कशाला हे मलाही कळलं नव्हतं. तू तिच्यावरही तुटून पडशील म्हणून तेव्हा तुला बोलले नाही.

तुझं कार्ड तिनं वाचून दाखवायला सांगितलं. 'आईला जपा' एवढं वाचलं आणि पुढं मनानं जोडलं, की लवकरच येतो, तुझ्या हातची भाकरी आठवते, पायावर डोकं ठेवतो. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "ह्ये हंबीरचं न्हवं. त्यो एवढं ग्वाड लिवीत न्हाई." खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. मला रेटता आलं नाही.

एक चांगलं आहे. चार सुया झाल्या आणि डोकं उतरलं. उलट्या थांबल्या. काल अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, वर मीठ कमी म्हणून मला बोलली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडणाऱ्यांतली दिसते, पण यावर घर बांधू नका. मी बांधत नाही. दिवस मोजते आहे.

विजयमाला


सांगली,
२३ जानेवारी १९७८

हंबीर,

अजून तुझं काही नाही. दुसरं पत्र तरी वर पोचलं का? वाट बघून आज सांगलीला आले, सैनिकांच्या कचेरीत. तिथं सयाजीराव म्हणून एक निवृत्त सुभेदार आहेत. मिशा पांढऱ्या, आवाज अजून परेडवरचा. मी म्हटलं, भावाला रजा पाहिजे, आई शेवटच्या आजारात आहे.

त्यांनी वरही बघितलं नाही. "आवं बाई, ह्या जिल्ह्यातल्या आया वर्सातनं तीनदा सिरीयस हुत्यात. माजीबी हुती. एकदा तर मी आलो तवा जत्रंला गेली हुती."

मी डॉ. ऐनापुऱ्यांनी लिहून दिलेला कागद त्यांच्यापुढं ठेवला. बराच वेळ वाचला त्यांनी. काही शब्द इंग्रजी होते, ते मला विचारले, मी सांगितले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, ह्ये खरं हाय."

"खरं आहे," मी म्हटलं, आणि तिथं परक्या माणसासमोर मला रडू कोसळलं. आपलं खरं हे असं शिक्का मारून खरं करून घ्यावं लागतं, त्याचं रडू.

त्यांनी मग माझ्या समोर तीन कागद केले. एक तुझ्या पलटणीच्या साहेबांना, त्यावर शिक्का. एक बिनतारी संदेश पाठवायला पुण्याला. एक मला जपून ठेवायला. "पोरगं म्हनालं असंल तार मानू नका, तर ही तार न्हाई, सरकारी कागुद हाय," म्हणाले. मला दारापर्यंत सोडायला आले.

संध्याकाळच्या गाडीनं मिरजेला परत जाते. आई बरी आहे, म्हणजे काल होती तशी. उजव्या कानानं कमी ऐकते असं मला दोन दिवस वाटतंय. डॉक्टरांना अजून सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल असं काहीतरी वेड्यासारखं वाटतं.

तुझी आक्का


मिरज,
१२ फेब्रुवारी १९७८

हंबीर,

तुझं पत्र आलं. पाकीट तिथंच उभ्यानं फोडलं. 'आक्का, तुझी दोन्ही पत्रे आणि सरकारी कागद एकदमच मिळाले. ती ओळ लिहिली त्याबद्दल मला जोड्याने मार. साहेबांनी रजा दिली आहे, पण पोस्टवरून खाली जायची वाट बर्फाने बंद आहे. उघडली की निघतो. तोवर आईला थांबव.'

माफी मागू नकोस. मागायची तर मी मागायला हवी. पण 'आईला थांबव' हे काय लिहिलंस? ती काय फाट्यावरची एस.टी. आहे, हात केला की थांबायला? लिहिलंस तेव्हापासून मी मात्र तेच करते आहे.

थांबवायचं कसं ते सांगते. आठवड्यातून दोनदा कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी आणून तिला धरायचं. पाय आता तिच्या ताब्यात नाहीत, म्हणून धरायला सोपं जातं. तोंड उजवीकडं ओघळलंय. उजवा डोळा मिटत नाही, त्यावर ओली पट्टी ठेवतो. डाव्यानं उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. उजवा कान गेला, डाव्यात तोंड घालून ओरडलं तर ऐकू येतं. मन मात्र अधूनमधून लख्ख असतं. परवा सुई झाल्यावर म्हणाली, "किती लांब हाय गं त्येची पलटन? चंद्रावर हाय का?"

डॉक्टर म्हणाले, औषध आता पहिल्यासारखं धरत नाही. सुया चालू ठेवल्या तर अजून दोन-तीन आठवडे. मी म्हटलं, चालू ठेवा.

रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच चालतं. बर्फ आधी वितळतं, की आई.

लवकर ये.

आक्का


मिरज,
२० फेब्रुवारी १९७८

हंबीर,

हे पत्र टाकेन की नाही माहीत नाही. पण लिहिलं नाही तर मला काहीतरी होईल.

काल दुपारी मी नळावर तांब्या भरायला गेले होते. दाजी डबा घेऊन आले. आई कॉटच्या कडेला घसरत होती, नर्सनं दाजींना म्हटलं, जरा धरा. त्यांनी दंड धरला. आईनं चाचपत त्यांचा हात पकडला. मी दारात पोचले तेव्हा ती म्हणत होती, "हंबीर? हंबीरा, आलास व्हय रं?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. मी मान हलवली, हो म्हणा. मीच हलवली. त्यांनी वाकून तिच्या डाव्या कानात सांगितलं, "व्हय."

मला वाटलं होतं, ऐकेल, शांत झोपेल, तेवढाच एक दिवस. पण ती बोलायला लागली. शब्द तुटत होते, तरी सगळे कळत होते. आठवतील तसे लिहिते.

"लय उशीर क्येलास, लेकरा. आक्कावर डूक धरू नगंस. तार म्याच कराय लावली. तवा मला गाठ लागली हुती हाताला. हितं." असं म्हणून तिनं दाजींचा तो हात उचलून छातीवरच्या सपाट जागेवर नेला आणि तिथं धरून ठेवला. "हरबऱ्याएवढी हुती. पोरीला सांगितलं असतं तर तिनं दवाखान्यात वडून न्येलं असतं आन् तुजं लगीन ऱ्हायलं असतं. म्हनलं, आदी तुजं हात पिवळं बघावं, मग मराय मोकळी. तार खोटी न्हवती, हंबीरा. मी सिरीयसच हुते. पर आईनं पोराला छातीचं सांगावं कसं? तू गेलास रागानं. मग मीबी गाठ तशीच ठिवली, वाढू दे म्हनलं."

पंचाहत्तरचा मे ते शहात्तरचा फेब्रुवारी. नऊ महिने तिनं ती गाठ वागवली. मी दर रविवारी गावी जाऊन तिच्या हातचं खात होते आणि मला कळलं नाही. तेव्हाच काढली असती तर आज ही सुई लागली नसती, कदाचित. डॉक्टरांना हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

"आता तू आलास," ती शेवटी म्हणाली, "आता बास. सुई बास."

दाजी हात सोडवून बाहेर गेले आणि नळाखाली डोकं धरून उभे राहिले. जेवले नाहीत. एस.टी.ला जाताना एवढंच म्हणाले, "मामी मला रं म्हनाल्या."

आक्का


मिरज,
२५ फेब्रुवारी १९७८

हंबीर,

काल तुझी तार आली. 'वाट उघडली. निघालो. पाच मार्च, किर्लोस्करवाडी.' आता हे पत्र तुला कुठल्या स्टेशनात गाठणार? तरी लिहिते. ही पत्रं तू आल्यावरच तुला मिळतील.

तार वाचली आणि मी धावत जाऊन आईच्या कानात ओरडले, "हंबीर येतोय." तिनं डावा डोळा माझ्याकडं वळवला. "येऊन ग्येला की," म्हणाली. अगदी समाधानानं म्हणाली.

एकोणीस तारखेपासून ती सुईला नको म्हणते. बावीसला आम्ही दिली, जबरदस्तीनं. तिनं कॉटची दांडी धरून ठेवली आणि ओरडली नाही, नुसतं "बास म्हनलं हुतं" असं म्हणत राहिली. आज पुढची सुई होती. डॉक्टरांना तार दाखवली. ते म्हणाले, चालू ठेवली तर पाच तारीख गाठेल, ओळख किती राहील सांगत नाही. बंद केली तर आठवडा, कमीही.

तिचं मन वळवायचा मार्ग एकच होता. सांगायचं, की आई, तो हंबीर नव्हता. मग ती विचारणार, कोण हुतं?  जिनं चौदा वर्षं जावयापुढं पदर ढळू दिला नाही, तिला मी सांगू की ज्याचा हात तू छातीवर नेलास तो जावई होता? कॅन्सर तिला मारायचा तेव्हा मारील. हे ऐकून ती त्या क्षणी मरेल, आणि लाजेनं मरेल. दुसरं काहीतरी नाव सांगावं, डॉक्टर होते म्हणावं, असंही मनात आलं. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू देत मी इथवर आले, म्हणून ते केलं नाही.

सकाळी नर्स सुई घेऊन आली. मी धरायला उभी राहिले आणि माझे हात उठले नाहीत. मी तिला म्हटलं, "राहू द्या."

हंबीर, तू म्हणालास थांबव, आणि मी सोडलं. तिचा शब्द होता, तू आलास की बास. तू आलास असं तिला मीच पटवलं, मग तो शब्द मोडायचा हक्क मला कुठला? रागव. मारायला ये. पण त्या सुईसाठी तिला धरणारे हात माझे होते, तुझे नव्हते.

उद्या तिला जीपनं आपल्या गावी नेते. लेकीच्या घरी मरायचं नाही असं तिनं आधीच सांगून ठेवलंय.

विजयमाला


पलूस,
५ मार्च १९७८, सकाळ

हंबीर,

हे दाजींच्या हातून तुला मिळेल तेव्हा तू किर्लोस्करवाडीच्या फलाटावर असशील. आधीची तीन पत्रं याच पाकिटात आहेत. एक तुझ्या पत्राचं उत्तर, तुला ते मिळालं नसेल म्हणून त्याची नक्कल, आणि दोन न टाकलेली. स्टेशनावरच्या बाकावर बसून तीही वाच, मगच घराकडं ये. घरात भावकी भरली आहे. तिथं मला तुझ्याशी तोंडानं बोलता येणार नाही.

आई परवा, तीन तारखेला, सकाळी नऊला गेली. दोन दिवस झोपेतच होती, कण्हली नाही. तुझ्यासाठी तिला दोन दिवस ठेवता येत नव्हतं. अग्नी दाजींनी दिला. भावकीत कुजबुज झाली, पण कुणी पुढं आलं नाही. आज दुपारी राख सावडायची आहे, तेवढी तुझ्यासाठी थांबवली.

दोन दिवसांनी चुकलास. ते दोन दिवस मी घालवले. सुई चालू ठेवली असती तर बहुतेक तू तिला बघितलं असतंस. तिनं तुला ओळखलं असतं का, ते मात्र कुणीच सांगू शकत नाही. माझ्या बाजूचं एवढंच.

आता एक गोष्ट, ज्यासाठी हे पत्र आहे. गावात आल्यावर आईला तीन दिवस शुद्ध होती. जो येईल त्याला सांगायची, "हंबीर येऊन ग्येला. मिरजंला आल्ता. माज्याजवळ बसला, समदं बोलनं झालं." शेजारच्या भामाबाईला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. लोकांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही दोघं हो म्हणालो. सगळं गाव धरून आहे की तू मिरजेला एक दिवस येऊन आईला भेटून गेलास, आणि आता तिच्या मातीसाठी परत आलास.

तू वेशीतून आत आलास की बायका म्हणतील, बरं झालं बाबा, गाठ पडली. तू जर म्हणालास, मी कधी आलो, तर प्रश्न निघेल की तो कोण होता. मग आईनं आयुष्यभर झाकलेलं चव्हाट्यावर येईल, आणि तिच्या अंगाची चर्चा पारावर होईल. आणि हे पाकीट ज्यानं तुझ्या हातात दिलं तो माणूस पुन्हा या गावात मान वर करून फिरणार नाही. आत्ताही ते तुझ्याकडं बघत नसतील. तू त्यांना काही विचारू नकोस. त्यांच्या पाया पड, कारण नसताना. तुझ्या आईचं शेवटचं बोलणं त्यांनी तुझ्या जागी बसून ऐकलं, आणि त्यानंतर माझ्याशीही त्यातला एक शब्द काढलेला नाही.

तुला खोट्याची चीड आहे. त्या एका तारेसाठी तू अडीच वर्षं आम्हाला टाकलंस. ती तार खोटी नव्हती हे आता तुला कळलं, आणि ते तुला आयुष्यभर खुपेल. मलाही खुपतंय. तुझ्याकडं हे मागायला माझी जीभ धजत नाही, म्हणून कागदावर मागते.

कुणी विचारलं, आईची गाठ पडली का, तर पडली म्हण. आई काय बोलली विचारलं, तर वीस तारखेच्या पत्रात आहे, त्यातलं 'लेकरा' म्हणाली एवढंच सांग. बाकीचं सगळं खोटं मी बोलले आहे, हंबीर. हे एक तू बोल.

तुझी आक्का